करिंथकरांस पत्रातली ती ओळ पूर्ण वाचा: इंदूरच्या मराठी मंडळीतील पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि महिला मंडळाच्या भगिनींनो,

जय ख्रिस्त.

ईस्टर झाला की आपल्याकडे लग्नांची रांग लागते. उपवासकाळात थांबलेली कुटुंबं एकदम हॉल शोधायला निघतात, अहिल्यानगर-जालन्याकडच्या पाहुण्यांच्या गाड्या इंदूरला येऊ लागतात, आणि त्याआधी आपण वधूवरांना विवाहपूर्व वर्गाला बसवतो. वर्ग चांगला आहे. पगाराचा हिशेब, सासू-सून, घरातली प्रार्थना, दारू, मोबाइल, मुलांचा बाप्तिस्मा या सगळ्यावर तिथे मोकळं बोललं जातं. शरीराचा विषय आला की मात्र दोनच वाक्यं होतात. लग्नाआधी नाही. लग्नानंतर दुसरीकडे नाही. मग चहा येतो.

ही दोन्ही वाक्यं मला मान्य आहेत. पण या दोन नकारांच्या मधे नवरा-बायकोचं जे आयुष्य असतं, त्यातल्या सुखाबद्दल पवित्र शास्त्र बरंच बोलतं आणि आपण काहीच बोलत नाही. ते बोलावं, आणि ज्या एका वचनाचा अर्धाच भाग आपल्याकडे वाचला जातो तो पूर्ण वाचावा, एवढी मागणी करायला हे पत्र आहे. उघड लिहिते, कारण बंद पाकिटातली पत्रं फायलीला लागतात, आणि कारण ही गोष्ट एकट्या आपल्या मंडळीची नाही.

मी नर्स म्हणून निवृत्त झाले. कामाची बरीच वर्षं प्रसूतिविभागात गेली. उपासना सुटल्यावर बायका मला बाजूला घेतात, "सिस्टर, जरा एक विचारायचं होतं" म्हणतात, आणि इकडेतिकडे बघून विचारतात. लग्नाला सहा महिने झाले पण काही जमलंच नाही. खूप दुखतं, सांगू कोणाला. या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात, नाहीतर डॉक्टरकडे असतात. पण दोन प्रश्न असे येतात की ते खरं म्हणजे तुमच्याकडे यायला हवेत. एक म्हणजे, "मला ते आवडतं, यात पाप तर नाही ना?" आणि दुसरा, "नको म्हटलं की हे म्हणतात, शास्त्रातच लिहिलंय तुझं शरीर तुझं नाही. असं खरंच लिहिलंय का?"

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो जास्त जळजळीत आहे.

लिहिलं आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ७, वचन ४: पत्नीला आपल्या शरीरावर अधिकार नाही, तो पतीला आहे. वाक्य इथे संपत नाही, पण आपल्या घरांत वाचन इथेच थांबतं. घरोघरी भांडणं मिटवायला जाणारे वडीलधारेही बहुधा इथेच थांबतात, म्हणूनच हे लिहिण्याची वेळ आली. त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग म्हणतो, तसाच पतीलाही आपल्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. आणि त्याच्या आधीचं वचन ३ पाहिलं तर हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने कर्तव्याची सुरुवात बायकोपासून केलेलीच नाही. आधी नवऱ्याला सांगितलंय, बायकोला तिचं जे देणं लागतं ते दे. मग बायकोला तेच.

ही दोन वचनं ज्या शहरातल्या लोकांना लिहिली गेली त्याचाही विचार करा. करिंथ म्हणजे बंदराचं, पैशाचं रोमी शहर. नवऱ्याने घरातल्या दासीकडे किंवा वेश्येकडे जाणं रोमी कायद्याने व्यभिचार धरलं जात नसे. व्यभिचाराचा गुन्हा बघितला जाई तो दुसऱ्याच्या बायकोच्या बाबतीत. त्या पुरुषांना पौल सांगतो आहे की तुझं शरीर तुझ्या बायकोच्या अधिकाराखाली आहे. बायको नवऱ्याच्या ताब्यात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. नवीन होतं ते दुसरं अर्धं, आणि आपण नेमकं तेच गाळतो.

पुढे वचन ५. एकमेकांना वंचित ठेवू नका. ठेवलंच तर दोघांच्या संमतीने, थोडा वेळ, प्रार्थनेसाठी, आणि मग पुन्हा एकत्र या. म्हणजे काही दिवस दूर राहायचं तरी पौल दोघांची संमती मागतो. दूर राहायला दोघांची संमती लागते, तर जवळ यायला एकाचीच पुरते कशी? जो नवरा हे वचन दाखवून बायकोला गप्प करतो त्याला हा प्रश्न विचारायचं काम पाळकांचं आहे. आपल्या देशाचा कायदा इथे अजून कमी पडतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादानुसार १८ वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. मंडळीने आपली पट्टी कायद्यावरून ठरवायची की प्रेषिताच्या पत्रावरून, हे पंचांनी सांगावं.

आता तो पहिला प्रश्न. आवडतं, म्हणजे पाप का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका मूर्ख नाहीत. लहानपणापासून त्यांनी शरीराबद्दल मंडळीत जे जे ऐकलं ते सगळं इशाऱ्याच्या सुरात ऐकलं. मग लग्नाच्या रात्रीपासून तेच शरीर एकदम पवित्र कसं होणार? हळदीच्या रात्री मावश्या-आत्या जे चावट बोलून घेतात तेवढंच काय ते लैंगिक शिक्षण, आणि त्यावरही दुसऱ्या दिवशी कोणीतरी नाक मुरडतंच. (माझ्या मते त्या मावश्यांचे मंडळीवर उपकार आहेत.)

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो पुरुष आणि त्याची स्त्री दोघं नग्न आहेत आणि त्यांना लाज वाटत नाही. पाप येतं ते पुढच्या, तिसऱ्या अध्यायात. दोघं एकदेह होतील हे वाक्य पतनाच्या आधीचं आहे, म्हणजे शरीराचं मीलन ही पापानंतरची तडजोड नव्हे. देवाने सगळं पाहून फार चांगलं म्हटलं, त्यात हेही आलं. पुढे पितरांच्या गोष्टींत तर गंमतच आहे. इसहाक भीतीपोटी रिबकेला आपली बहीण म्हणून सांगतो आणि पकडला जातो कसा? राजा अबीमलेख खिडकीतून पाहतो तर इसहाक रिबकेशी लाडीगोडी करतोय. राजाला लगेच कळतं, ही बहीण नव्हे. हे जोडपं तेव्हा नवपरिणीत नव्हतं. लग्नानंतर वीस वर्षं वाट पाहून जुळे झाल्याचं त्याआधीच्याच अध्यायात आलेलं आहे. आणि इसहाकाची आई सारा? तिला मूल होणार हे ऐकून तंबूच्या दाराआड ती हसते, तेव्हा मनात म्हणते ते मुलाबद्दल नाही: मी अशी जख्ख झाल्यावर, आणि माझा धनीही म्हातारा झालेला, आता मला ते सुख मिळेल का? शास्त्राने ही ओळ गाळली नाही.

नियमशास्त्रातही हे आहे. निर्गम २१:१० मध्ये, विकत आणलेल्या दासीशी लग्न करून नंतर दुसरी केली, तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि शय्येचा हक्क कमी करू नये असा नियम आहे. दासीलासुद्धा हा हक्क होता. अनुवाद २४:५ तर मला फार आवडतं. नवीन लग्न झालेल्याने वर्षभर लढाईला जायचं नाही, त्याच्यावर दुसरं कामही टाकायचं नाही. घरी मोकळं राहून बायकोला आनंदी करायचं. आपल्याकडे नवीन जोडप्याला दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर आणि पाहुण्यांच्या मधे झोपायला जागा देतात आणि वर्षाच्या आत पाळणा कधी म्हणून विचारतात. इंदूरची नवी जोडपी रात्री अकरा वाजता सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला जातात त्यांना खादाड म्हणू नका. बऱ्याच जणांना दोघांनी शांतपणे बोलायला तेवढीच जागा असते. वर्गाला वधूवरांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही एक दिवस बोलवा आणि त्यांना हे वचन वाचून दाखवा.

नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाप मुलाला व्यभिचारापासून सावध करतो. आपले उपदेशकही करतात. पण तो बाप अर्ध्यावर थांबत नाही. परस्त्रीकडे जाऊ नको म्हणाल्यावर पुढे सांगतो, आपल्या तरुणपणीच्या बायकोत आनंद मान, तिच्या स्तनांनी सदा तृप्त हो, तिच्या प्रेमाने मोहून जा. मुलाला घरी थांबवायचं तर घरात आनंद आहे हेही सांगावं लागतं, हे त्या बापाला कळलं होतं.

आणि मग गीतरत्न, जुन्या करारातलं प्रेमगीतांचं पुस्तक. आठ अध्याय, ११७ वचनं. मी इतकी वर्षं उपासनेला येते, या पुस्तकावर पूर्ण उपदेश ऐकलेला नाही; लग्नपत्रिकेवर मात्र त्यातली एखादी ओळ हमखास छापतात. उघडून वाचा. पहिलीच ओळ त्यातल्या प्रेयसीची आहे आणि ती प्रियकराकडे चुंबन मागते. पुस्तकभर जास्त बोलते तीच. ती त्याचं डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करते, तो तिचं पायापासून डोक्यापर्यंत. ती सांगते मी उन्हाने काळवंडलेली आहे आणि सुंदर आहे. "गोरी मुलगी पाहिजे" असं स्थळ सांगणाऱ्यांनी हे ख्रिस्ती कुटुंब म्हणून वाचावं. मूल व्हावं म्हणून कोणी काही करत नाही, मुलाबाळांची आशाही कुठे नाही. आणि तरी हे पुस्तक शास्त्रात आहे.

त्यातल्या दोन जागांवर मला थांबायचं आहे. चौथ्या अध्यायात तो तिला वधू म्हणतो, ती कुलूप लावलेली बाग आहे असं म्हणतो. कुलूप तो उघडत नाही. अध्यायाच्या शेवटी ती बोलते: माझ्या प्रियाने आपल्या बागेत यावं. पाचव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात तो म्हणतो, मी आलो. आधी बोलावणं, मग येणं. दुसरी जागा त्याच्या लगेच पुढची. रात्री तो दार ठोठावतो. ती म्हणते, मी झगा काढून ठेवलाय, पाय धुतलेत, आता पुन्हा कशी उठू? तो कडीच्या भोकातून हात घालतो, वाट पाहतो, आणि ती उठून दार उघडेपर्यंत निघून गेलेला असतो. ती हळहळते, गावभर त्याला शोधते. वाद झाला, नाराजी झाली, ताटातूट झाली, पण दार कोणी फोडलं नाही. करिंथच्या चौथ्या वचनाचा अर्धा तुकडा हातात घेऊन फिरणाऱ्या नवऱ्यांना आधी हा प्रसंग वाचायला द्या.

पाळकसाहेब, मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की गीतरत्न हे ख्रिस्त आणि मंडळीच्या प्रेमाचं रूपक आहे. असं वाचणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने तसा अर्थ लावला. बाराव्या शतकात बर्नार्ड या मठाधिपतीने गीतरत्नावर ८६ प्रवचनं लिहिली आणि तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोचला. मी त्या अर्थाला नाही म्हणत नाही. संतांच्या विरहिणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला एका ओळीत दोन प्रेमं ऐकायला अडचण नसते. पण नवरा-बायकोचं सुख जर मुळात घाणेरडं असतं, तर ख्रिस्ताच्या प्रेमासाठी ते रूपक घेतलं कशाला असतं? इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलही तेच जोडतो, एकदेह होण्याचं उत्पत्तीतलं वाक्य घेऊन.

मग आपल्याला ही लाज आली कुठून? थोडी भारतातली आहे, थोडी मिशनऱ्यांच्या व्हिक्टोरियन काळाची. पण बरीचशी चर्चच्याच घरातली आणि जुनी आहे. जेरोम या धर्मपंडिताने ३९३ साली, लग्न कौमार्याइतकंच चांगलं म्हणणाऱ्या जोविनियनविरुद्ध लिहिताना कौमार्याला इतकं वर चढवलं की लग्नाची बाजू घेणंच संशयास्पद झालं. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन त्यामानाने मवाळ. त्याने लग्न चांगलं म्हटलं, पण अपत्य, निष्ठा आणि अतूट बंधन यांसाठी. मूल होण्याच्या हेतूपलीकडे केवळ सुखासाठी जवळ येणं त्याने क्षम्य का होईना, पापच मानलं. तारुण्यात स्वतःच्या वासनेशी झगडलेला माणूस, त्याला समजून घेता येतं. पण त्याचा झगडा पंधरा-सोळाशे वर्षांनी इंदूरच्या मुलींच्या डोक्यावर कशाला? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लग्नाला मनाई करणाऱ्यांची शिकवण भुतांची म्हटली आहे, आणि देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे, उपकारस्तुतीने घ्यावं असं म्हटलं आहे. इब्री लोकांस पत्र १३:४ अंथरुण निर्दोष असावं म्हणतं आणि लग्नाला सर्वांनी मान द्यावा म्हणतं. आपण त्यातलं पुढचं, व्यभिचाऱ्यांच्या न्यायाचं वाक्य तेवढं पाठ केलं.

चर्चने पुढे बोलायला सुरुवातही केली. आधी संन्यासी असलेल्या, पुढे प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२५ साली कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. ज्यांना आपण कडक म्हणून नावं ठेवतो त्या प्युरिटन पंथाच्या प्रोटेस्टंटांच्या, अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या मंडळीने सतराव्या शतकात एका सभासदाला बहिष्कृत केलं. त्याच्यावरच्या दोषांत एक असा की दोन वर्षं तो बायकोच्या जवळ गेला नव्हता. बायकोची तक्रार मंडळीने ऐकून घेतली, हे आपल्या पंचांनी मनाशी धरावं. आपल्या इंदूरच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या वसाहतीच्या भागात इंग्रज साहेबांची लग्नं लागत, तेव्हा त्यांच्या उपासनाविधीत अंगठी घालताना नवरदेव देहाने तुझा सन्मान करतो असं वेदीसमोर म्हणत असे. आपण कॅथलिक नाही, तरी मला आवर्जून सांगायचंय ते पोप पायस बारावे यांचं. २९ ऑक्टोबर १९५१ ला त्यांनी इटलीतल्या सुईणींसमोर भाषण केलं आणि त्यात सांगितलं की या कृतीत पती-पत्नीला शरीर-मनाचं सुख मिळावं ही योजना निर्माणकर्त्याचीच आहे, ते सुख घेण्यात त्यांचं काही चुकत नाही. मर्यादा मात्र राखावी. पोपना हे सुईणींना सांगावंसं वाटलं, याचं मला नर्स म्हणून फार बरं वाटतं.

पौल स्वतः अविवाहित होता आणि त्याने एकटं राहणं जास्त बरं म्हटलं, हेही त्याच अध्यायात आहे. ते लपवायचं कारण नाही. मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या भाऊबहिणींचा मान त्याने राखला, तसाच आपणही राखावा. पण तोच पौल, ज्यांचं लग्न झालंय त्यांना अर्धवट संन्यास घेऊ देत नाही.

तरुण पोरं बिघडतील ही भीती कमिटीत कोणीतरी काढेलच. पोरांच्या मोबाइलमध्ये काय आहे ते एकदा विचारून बघा. तिथे जे दिसतं त्यात बाईला विचारत नाहीत, आणि तेच बघून तो मुलगा तुमच्या वेदीसमोर उभा राहतो. गीतरत्नात प्रेमाला त्याची वेळ येईपर्यंत जागं करू नका अशी शपथ तीनदा घातलेली आहे. संयम शिकवायचा असेल तर तोही त्याच पुस्तकात मिळेल, पण त्यासाठी पुस्तक उघडावं लागेल.

तर मागणं असं. वर्गात करिंथच्या सातव्या अध्यायाची वचनं ३ ते ५ सलग वाचली जावीत, आणि वर-वधू दोघांनीही ती एकमेकांसमोर मोठ्याने वाचावीत. गीतरत्नासाठी दोन संध्याकाळी ठेवा. एक लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं शिकवायला असू दे, एकटे पाळकसाहेब नकोत. मुलींसाठी वेगळा तास ठेवा आणि त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बोलवा, कारण काही गोष्टी वचनाने सुटत नाहीत. पहिल्या दिवसांत दुखत राहिलं तर सहन करायचं नाही. कधी योनीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्यावर उपचार आहेत. बाळंतपणानंतर शरीर भरून यायला वेळ लागतो, अंगावर पाजत असताना कोरडेपणा राहतो, पाळी जाताना पुन्हा येतो, आणि त्यासाठी औषधाच्या दुकानात साधं जेल मिळतं. मुलांच्या तासाला पुरुष डॉक्टर येऊ दे आणि त्याने त्यांना स्पष्ट सांगावं की घाईत उरकून कूस बदलणं म्हणजे बायकोचं देणं चुकतं करणं नव्हे. तिलाही सुख मिळायला हवं, ते तिला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारण्यात पुरुषपण जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. घरगुती भांडणात मंडळीचे वडील समेट करायला जातात तेव्हा त्या वचनाचा अर्धा भाग सांगून कोणत्याही बाईला परत खोलीत पाठवू नये, असा ठराव पंचांनी करावा आणि तो रविवारी उपासनेत वाचून दाखवावा. अशा भेटीला एक तरी बाई बरोबर असावी. जबरदस्तीची तक्रार असेल तर आधी तिची सोय आणि डॉक्टर बघावे, प्रार्थना त्यानंतर.

हे सगळं मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे हवं, कारण आपल्या नव्या सुनांपैकी निम्म्याजणींना शास्त्र हिंदीतूनच कळतं. मुलींच्या तासाची तयारी मी करते. डॉक्टर बाईंशी बोलून ठेवलंय, त्यांना शनिवारी दुपारी चारनंतर जमतं. मंडळीचा हॉल त्या वेळी तरुण संघाच्या वाद्यवृंदाला दिलेला असतो, तेव्हा एक तर त्यांची वेळ बदला, नाहीतर आमच्या घरची पुढची खोली आहे. पुढच्या कमिटीत हा विषय "इतर" या सदरात न टाकता कार्यक्रमपत्रिकेत नाव देऊन घ्यावा.

आपली नम्र,
मंडळीतली एक सभासद, निवृत्त नर्स, इंदूर